टॅक्सिडर्मिस्टला आगाऊ पैसे द्यावेत का, आणि किती?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सहकाऱ्यांबरोबर पहिल्यांदाच शिकारीला गेलात, आठ टोकांच्या शिंगांचं व्हाइटटेल जातीचं नर हरीण मिळालं. मांस घरी आलं आणि खांद्यापर्यंतचं कातडं डोक्यासकट मित्राच्या फ्रीझरमध्ये आहे. गावातल्या टॅक्सिडर्मिस्टने, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं साच्यावर चढवून तो जिवंत वाटेल असा उभा करणाऱ्या कारागिराने, शोल्डर माउंटचे (भिंतीवर लावायच्या, खांद्यापर्यंतच्या हरणाचे) ७०० डॉलर सांगितले. निम्मे आधी मागितले, दहा-बारा महिने लागतील म्हणाला, आणि सगळे पैसे आत्ताच दिले तर दहा टक्के सूट देतो म्हणाला. तुमचा एक सहकारी म्हणतो की एक डॉलरही आधी देऊ नको, कारण त्याचे पैसे असेच एका दुकानाबरोबर बुडाले. तुम्ही विचारता की निम्मे मागणं रास्त आहे का, आणि दुकान बंद पडलं तर पैसे परत मिळतील का.

निम्मे द्या, पूर्ण देऊ नका, आणि देण्याआधी दुकानात जाऊन एक प्रश्न विचारा. तो पुढे सांगतो. पण मला वाटतं तुमची काळजी चुकीच्या जागी आहे. तुम्ही ३५० डॉलरचा विचार करताय. त्या दुकानात पैशांबरोबर तुम्ही आणखी एक वस्तू ठेवून येणार आहात, आणि ती गेली तर कितीही पैसे दिले तरी परत येत नाही.

मी हे काम अठरा वर्षं करतो आहे. पहिली सहा दुसऱ्याच्या दुकानात, नंतरची बारा स्वतःच्या. मूळचा पेणजवळचा. घरी गणपतीचा कारखाना होता, त्यामुळे माती, डोळ्यांची आखणी आणि कधीही न हलणारी तारीख, या तिन्ही गोष्टी लहानपणापासून अंगात भिनलेल्या. इसार म्हणजे काय हेही मी तिथेच शिकलो. कोकणात अजून कितीतरी घरांतली माणसं मूर्ती सांगायला येताना घरचा पाट घेऊन येतात. पाटाच्या खाली खडूने नाव लिहिलं जातं, थोडे पैसे हातावर ठेवले जातात, आणि गणपती त्याच पाटावर बसून घरी जातो. माझे वडील पैशांच्या वहीपेक्षा ते पाट जास्त जपायचे. पावसाचं पाणी कारखान्यात शिरलं की आधी पाट माळ्यावर जायचे. पैशांचा हिशेब चुकला तर तो पुन्हा जुळवता येतो, पण कुणाच्या आजोबांच्या वेळचा पाट फुगला तर तो कुठून आणणार? तुमच्या बाबतीत तो पाट म्हणजे शिंगं.

व्हाइटटेलची शिंगं दरवर्षी हिवाळ्यात गळतात आणि वसंतात नव्याने फुटतात. म्हणजे त्या नराने या एका वर्षात वाढवलेली शिंगं जगात एकच जोडी आहेत. कातड्याचं तसं नाही. ते खराब झालं तर त्याच मापाच्या दुसऱ्या हरणाचं कातडं विकत मिळतं; प्रत्येक जुन्या दुकानाच्या फ्रीझरमध्ये अशी चार-सहा पडलेली असतात. फोमचा साचा कॅटलॉगमधून येतो, डोळे काचेचे असतात. बदलता येत नाहीत ती फक्त शिंगं. म्हणून आगाऊ रकमेचा विचार करताना मनात आधी हे पक्कं करा की पैसे हा या व्यवहाराचा लहान भाग आहे.

आता ते पैसे मागितले का जातात? आपल्याकडे अजून ‘पेंढा भरलेला वाघ’ असं म्हणतात, त्यामुळे पुष्कळांना वाटतं की कातड्यात काहीतरी कोंबलं की झालं. पेंढ्याचे दिवस कधीच गेले. तुमचं डोकं दुकानात आलं की डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर आणि मानेचा घेर मोजतात, कारण साचा याच मापांवरून मागवायचा असतो. मग कातडं सोडवतात, कान उलटे करतात, ओठ आणि पापण्या आतून चिरून पातळ करतात, नाकातलं कूर्चा काढतात, मांसाचा कणही राहू देत नाहीत. बारीक मीठ चोळून, पाणी निथळवून, पुन्हा मीठ लावून वाळवतात. तिथून बहुतेक दुकानांची कातडी टॅनरीत, म्हणजे कातडी कमावणाऱ्या कारखान्यात जातात. तिथे ती आम्लात मुरवतात, यंत्रावर तासून पातळ करतात, कमावतात, तेल देतात आणि भुश्यात घुसळून मऊ करतात. हंगामानंतर सगळ्या राज्यांची कातडी एकदमच येतात, म्हणून टॅनरीचेच कित्येक महिने जातात. तुमचे दहा-बारा महिने लागतात ते मोठ्या प्रमाणात इथे. कातडं परत आल्यावर प्रत्यक्ष माउंट करायला एक-दोन दिवस पुरतात, पण मग ते तीन-चार आठवडे भिंतीवर वाळतं. त्यातल्या पहिल्या आठवड्यात मी रोज सकाळी पापण्या आणि ओठांच्या रेषा बघतो, कारण कातडं सुकताना आखडतं आणि एका रात्रीत डोळा उघडा पडू शकतो. शेवटी इपॉक्सीने भेगा भरून एअरब्रशने नाकाचा, पापण्यांचा, कानाच्या आतल्या कडेचा रंग.

माझ्या दुकानात एका डोक्यामागे टॅनरी, साचा, डोळे, कानाच्या आतली प्लॅस्टिकची पट्टी, माती आणि खळ मिळून साधारण दोनशे ते सव्वादोनशे डॉलर जातात, आणि ते सगळे माझ्या खिशातून तुम्ही उरलेले पैसे देण्याच्या कितीतरी आधी गेलेले असतात. ३५० मागितले तर त्यात हा खर्च येतो आणि मीठ लावण्यापर्यंतच्या कामाची मजुरी सुटते. त्यामुळे निम्मे मागणारा माणूस लोभी आहे असं समजू नका. उलट, कुणी अजिबात काही मागत नसेल तर मी थोडा विचार करतो. एक तर तो फार सुस्थितीत आहे आणि ओळखीच्याच लोकांचं काम घेतो, किंवा त्याने स्वतःचा हिशेबच मांडलेला नाही. दुसऱ्या प्रकारातली दुकानं दोन-तीन वर्षांत गळपटतात.

दुसरं कारण तुमच्या बाजूने दिसत नाही. काही गिऱ्हाइकं परत येतच नाहीत. हंगामाच्या उत्साहात डोकं आणतात, वर्षभराने फोन केला तर नोकरी बदललेली असते, घर बदललेलं असतं, घरातल्यांना भिंतीवर हरीण नको असतं. इसार दिलेला माणूस बहुधा परत येतो, न दिलेला बऱ्याचदा येत नाही. माझ्या मागच्या खोलीत आज अशी नऊ माउंट्स आहेत, त्यांतली सात मी सुरुवातीच्या वर्षांत काहीही न घेता स्वीकारली होती.

किती टक्के रास्त, हे मात्र परिस्थितीवर आहे. साध्या शोल्डर माउंटला एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत काहीही मी योग्य मानतो. अख्खं अस्वल उभं करायचं असेल, किंवा खडक आणि झाडीसकट देखावा हवा असेल, तर टप्प्याटप्प्याने पैसे देणं दोघांनाही बरं: थोडे सुरुवातीला, थोडे टॅनरीतून कातडं आल्यावर, उरलेले नेताना. दुकान पंचवीस वर्षं जुनं आहे की मागच्या वर्षी गॅरेजमध्ये सुरू झालं आहे, त्यानेही फरक पडतो. पण नव्या माणसाला निव्वळ नवा म्हणून नाकारू नका. नव्याकडे काम कमी असतं, त्यामुळे तुमचं हरीण त्याच्या टेबलावर लवकर येण्याचीच शक्यता जास्त. त्याला मी एक तृतीयांश देईन आणि टॅनरीतून कातडं आल्याचा फोटो पाहून आणखी थोडे.

सगळे पैसे आधी देऊन दहा टक्के सूट? नको. याचा मला स्वतःचाच अनुभव आहे. स्वतःचं दुकान काढल्यावर दुसऱ्याच वर्षी मला मोठं फ्रीझर आणि फ्लेशिंग मशीन, म्हणजे कातड्यावरचं मांस तासून काढणारं यंत्र, घ्यायचं होतं. मी अकरा जणांना सूट दिली आणि पूर्ण पैसे घेतले. मशीन आलं. पुढच्या जुलैत टॅनरीतून कातडी आली तेव्हा माझ्यासमोर दोन रांगा होत्या: एकीतलं प्रत्येक डोकं पूर्ण झालं की तीनशे-साडेतीनशे डॉलर मिळणार होते, दुसरीतलं पूर्ण झालं की काहीच मिळणार नव्हतं. घरभाडं आणि विजेचं बिल महिन्याला येतच होतं. मी जाणूनबुजून कुणाला फसवलं नाही, पण दर आठवड्याला त्या अकरांपैकी एखादं मागे सरकत राहिलं. शेवटचं मी दिलं तेव्हा वीस महिने झाले होते. ज्या माणसांनी माझ्यावर सगळ्यात जास्त विश्वास टाकला त्यांनाच मी सगळ्यात जास्त थांबवलं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी निम्म्याहून जास्त घेत नाही, कुणी हट्टाने देऊ केले तरी. तुमच्याकडे उरलेली निम्मी रक्कम हीच तुमचं काम रांगेत पुढे ओढणारी दोरी आहे. ७० डॉलरच्या सवलतीसाठी ती सोडू नका.

आता तो प्रश्न. दुकानात जा, फोनवर विचारू नका. जाऊन सहज विचारा: “सध्या टेबलावर कुठल्या हंगामातली हरणं आहेत?”

यामागचा हिशेब असा आहे. विस्कॉन्सिनात बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. वर्षभराची बहुतेक डोकी त्या नऊ दिवसांत आणि नंतरच्या आठवड्यात येतात. समजा एकट्या माणसाच्या दुकानात दीडशे आली आणि त्याने प्रत्येकी ३५० घेतले, तर डिसेंबरच्या सुरुवातीला त्याच्या खात्यात ५२,५०० डॉलर असतात. ते पैसे त्याचे नसतात. ते अजून न केलेल्या कामाचे असतात. शिस्तीचा माणूस टॅनरी आणि साच्यांचा खर्च वेगळा काढून ठेवतो. ज्याच्याकडे ती शिस्त नाही, तो त्यातून मागच्या वर्षीच्या कातड्यांचं टॅनरीचं थकलेलं बिल भरतो. मग या वर्षीच्या कातड्यांसाठी पैसे उरत नाहीत, ती पुढच्या नोव्हेंबरच्या इसाराची वाट बघत मिठात पडून राहतात. एका वर्षाची पिछाडी दोन वर्षांची होते, दोनाची तीन. बाहेरून दुकान धंद्यात जोरात दिसतं, भिंती भरलेल्या, फ्रीझर भरलेले. ज्या दुकानात तुमच्या सहकाऱ्याचे पैसे बुडाले तिथे काय झालं हे मला माहीत असण्याचं कारण नाही, पण मी जवळून पाहिलेली बंद पडलेली दुकानं बहुतेक अशीच पडली.

म्हणून डिसेंबरात उत्तर आलं की “मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरातली शेवटची काही राहिली आहेत”, तर ते उत्तम. “मागच्या वर्षीची निम्मी झाली” असं असेल तर दहा महिन्यांचं वचन खरं होणार नाही, पण माणूस प्रामाणिक आहे. सोळा-अठरा महिने धरून चाला. आणि दोन किंवा तीन हंगामांपूर्वीची टेबलावर असतील, किंवा उत्तर टाळलं जात असेल, तर हसून निरोप घ्या, काम कितीही सुंदर असलं तरी. बोलताना भोवती नजर टाका. वाळत असलेल्या माउंटवर टाचण्या आणि पट्ट्या दिसतात का, दुकानात कामाचा वास आहे की धुळीचा, प्रत्येक कातड्याला आणि शिंगांच्या जोडीला क्रमांकाचा बिल्ला आहे का. दाराशी लावलेली दोन-चार नमुन्याची डोकी बघण्यापेक्षा ही नजर जास्त सांगते. आणखी एक: गेल्या वर्षभरात माउंट नेलेल्या दोन गिऱ्हाइकांशी बोला. काम कसं आहे हे त्यांना विचारू नका, ते तुम्हाला दिसतंच. सांगितलेल्या तारखेनंतर किती दिवसांनी मिळालं आणि मधल्या काळात फोन उचलला का, एवढंच विचारा.

पैसे द्यायचं ठरलं की पावती. “हरीण, ७००, मिळाले ३५०” एवढीच चिठ्ठी पुरेशी नाही. एकूण किंमत आणि ती नंतर वाढणार नाही हे लिहिलेलं हवं. टॅनरी, साचा, पाठवणीचा खर्च सगळं त्यातच आहे हेही. मान कुठे वळलेली, कान पुढे की मागे, हे लिहून घ्या, कारण बारा महिन्यांनी दोघांच्याही आठवणी वेगळ्या असतात. अंदाजे तारीख महिना आणि वर्षासकट हवी. “टॅनरीवर अवलंबून” ही भर त्याने घातली तर मान्य करा, ती खरीच आहे. तुम्ही बेत रद्द केलात तर किती परत मिळेल, हे विचारा. कातडं टॅनरीला जाण्याआधी रद्द केलं तर मी पैसे मीठ-मजुरी कापून परत देतो, गेल्यानंतर देत नाही, आणि हे पावतीवर छापलेलं आहे. नेण्यासाठी निरोप दिल्यावर किती दिवसांत न्यायचं आणि न नेल्यास काय, हेही बघून घ्या. याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. आणि सगळ्यात शेवटी, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, हे एक वाक्य लिहून घ्या: शिंगं, कवटी आणि कातडं ही ग्राहकाची मालमत्ता आहे. चांगला माणूस हे वाक्य लिहायला क्षणभरही कचरणार नाही.

त्याच वेळी शिंगांचे फोटो काढा. बुडाशी जिथे ती कवटीला मिळतात तिथला खडबडीत कडा, प्रत्येक टोक, एखादं तुटलेलं किंवा वाकडं टोक असेल तर ते जवळून. बुडाचा घेर आणि दोन शिंगांमधलं आतलं सर्वांत जास्त अंतर मोजून पावतीवर लिहा. दीडशे डोक्यांच्या दुकानात अदलाबदल झाली तर ती बहुतेक वेळा निष्काळजीपणाने होते, आणि ती सिद्ध करायला हे आकडेच उपयोगी पडतात. टॅनरीही कातड्याच्या कडेला छिद्रं पाडून क्रमांक टाकते, पण तो कातड्याचा. शिंगांची ओळख तुमची तुम्हालाच ठेवावी लागते.

एका कलमावरून भांडणं सर्वांत जास्त होतात, ते म्हणजे केस सुटणं. हरीण पडल्यावर ते वेळेत थंड झालं नाही, ट्रकमागे उन्हात फिरवलं, दोन दिवस न सोलता टांगलं, तर जंतू केसांची मुळं सैल करतात. वरून काही दिसत नाही. टॅनरीत आम्लातून बाहेर आलं की मूठभर केस हातात येतात. माझ्याकडे एकदा असंच एक कातडं परत आलं, डाव्या कानामागे तळहाताएवढं टक्कल. टॅनरी म्हणाली दुकानाने मीठ उशिरा लावलं, मला वाटत होतं टॅनरीत जास्त वेळ भिजलं, आणि गिऱ्हाईक सांगत होतं की त्याने एका तासात हरीण बर्फावर ठेवलं होतं. तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नसेल. मी स्वतःच्या पैशांनी बदली कातडं घेतलं, त्याला ते दाखवलं, आणि त्याने होकार दिल्यावरच लावलं. पण त्या दिवसापासून आलेलं प्रत्येक कातडं मी गिऱ्हाइकासमोरच कानामागे, डोळ्यांभोवती आणि छातीखाली चिमटीत धरून ओढून बघतो आणि काय आढळलं ते पावतीवर लिहितो. तुमच्या टॅक्सिडर्मिस्टला हे तुमच्यासमोर करायला सांगा. केस सुटलेच तर बदली कातड्याचे पैसे कुणी द्यायचे हे आधीच ठरलं की नंतर मनं कडू होत नाहीत.

इथवर जे सांगितलं ते मूळ प्रश्नाशी जोडून पुन्हा पाहा: निम्मे रास्त आहेत कारण खर्च खरंच आधी होतो, पूर्ण नकोत कारण उरलेली निम्मी तुमची राखण करतात, आणि दोन्हीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दुकान किती मागे पडलं आहे आणि शिंगं कुणाची आहेत हे कागदावर असणं. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: दुकान बंद पडलं तर?

पैसे क्रेडिट कार्डाने द्या. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याने, ठरल्याप्रमाणे न मिळालेल्या वस्तूचं बिल तुम्हाला नाकारता येतं. पण त्यासाठी लेखी तक्रार करायची मुदत ते बिल पाठवल्यापासून ६० दिवसांची आहे, आणि तुमचं काम चालणार वर्षभर. ही या धंद्यातली मोठी अडचण आहे. कार्ड कंपन्यांचे स्वतःचे नियम बऱ्याचदा जास्त उदार असतात आणि ठरलेल्या डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात. म्हणूनच मी पावतीवर महिना आणि वर्ष लिहून घ्यायला सांगितलं. ती तारीख नसेल तर बँकेला मोजायला काही आधारच राहत नाही. रोख दिलेत किंवा अ‍ॅपवरून थेट खात्यात पाठवलेत तर यातलं काहीच लागू होत नाही, तेव्हा कार्डासाठी तो दोन-तीन टक्के जास्त मागत असेल तर द्या.

दुकानदाराने अधिकृत दिवाळखोरी जाहीर केली तर अमेरिकेच्या कायद्यात अशा ग्राहकांच्या आगाऊ रकमेला इतर अनेक देण्यांच्या आधी स्थान आहे. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा माणशी ३,८०० डॉलर आहे, म्हणजे तुमचे ३५० तिच्या आत सहज बसतात. तरी प्रत्यक्षात हातात किती पडतं हे मागे काही शिल्लक आहे का त्यावर ठरतं. आणि लहान दुकानं बहुधा दिवाळखोरीपर्यंत जातच नाहीत. दाराला कुलूप लागतं आणि फोन बंद होतो. तेव्हा स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांचं न्यायालय आहे. विस्कॉन्सिनात तिथे १०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात, वकील लागत नाही, आणि तुमची पावती हाच मुख्य पुरावा असतो.

पण पैशांच्या मागे लागण्याआधी शिंगं सोडवा. ती तुम्ही कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली तुमची वस्तू आहे; दुकानदाराचे घेणेकरी ती आपल्या वसुलीत ओढू शकत नाहीत. विस्कॉन्सिनात हे काम करायला राज्याचा परवाना लागतो आणि आलेल्या प्राण्यांची नोंद ठेवावी लागते, म्हणून दुकान बंद झाल्याचं कळताच नैसर्गिक संसाधन खात्याच्या स्थानिक वॉर्डनला (शिकारीचे नियम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) आणि जागेच्या मालकाला लगेच लिहा, सोबत पावती आणि फोटो जोडा. मालकाने फ्रीझरची वीज तोडून कचरा उचलणाऱ्याला बोलावण्याआधी तुमचं नाव त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे. इथे दिवसांवर गोष्टी ठरतात.

उलट बाजूही सांगतो. तुम्ही उरलेले पैसे दिले नाहीत तर कारागिराला केलेल्या कामापोटी वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क बहुतेक राज्यांत आहे. काम पसंत पडलं नाही तर पैसे अडवण्याआधी दुकानातच उभं राहून दोष दाखवा. पापणी, ओठ, कानाची कड हे चांगला माणूस आनंदाने दुरुस्त करतो.

दोन गोष्टी तुम्हाला आत्ता लागणार नाहीत, पण पुढे लागतील. बदक किंवा स्थलांतर करणारा कोणताही पक्षी द्यायचा असेल तर राज्याच्या परवान्याबरोबर केंद्र सरकारचा वेगळा परवाना त्या दुकानाकडे आहे का ते बघा. आणि शेजारच्या राज्यात शिकार करून डोकं इकडे आणायचं असेल तर आधी नियम वाचा. हरणांना होणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीजमुळे, जो विस्कॉन्सिनात २००२ मध्ये सापडला, अनेक राज्यांनी मेंदू आणि मणक्यासह डोकं सीमेपलीकडे न्यायला बंधनं घातली आहेत. साफ केलेला कवटीचा तुकडा शिंगांसह, किंवा कमावलेलं कातडं सहसा चालतं. नियम मोडला तर तुमच्या इसाराचा प्रश्नच उरत नाही, कारण प्रामाणिक दुकान ते डोकं दारातच नाकारेल.

तुमच्या सहकाऱ्याचं दुःख मला कळतं. त्याने त्यातून घेतलेला धडा मात्र तुम्ही जसाच्या तसा घेऊ नका. काहीच आधी न घेणारा शोधत बसलात तर गावातले सर्वांत चांगले कारागीर तुमच्या यादीतून आपोआप गळतील.

घाईही करू नका. मित्राच्या फ्रीझरमध्ये आहे ते व्यवस्थित असेल तर काही महिने सुरक्षित आहे. आज जाऊन एवढं बघा की डोकं दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, हवा काढून, घट्ट बांधलेलं आहे. नाक आणि कान फ्रीझरच्या थंड हवेत सगळ्यात आधी सुकतात, आणि सुकलेलं नाक नंतर कितीही रंगवलं तरी जिवंत दिसत नाही. त्यांच्याभोवती ओलं फडकं गुंडाळा. मीठ लावून फ्रीझरमध्ये ठेवू नका, मिठामुळे कातडं नीट गोठत नाही. पिशवीवर तुमचं नाव, तारीख आणि हरणाच्या नोंदणीचा क्रमांक लिहा. मग शनिवारी सकाळी, दुकानात गर्दी नसताना जा आणि टेबलावर कुठल्या हंगामातलं काम चाललं आहे ते विचारा. काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा. पावतीचा मजकूर पाठवलात तर सही करण्याआधी वाचून सांगेन.